‘प्रजातीच्या भल्यासाठी’ हे उत्तर आता पुरे: प्राणिशास्त्र अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
प्राणिशास्त्र आणि जीवशास्त्र अभ्यासमंडळे,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे

विषय: पदवीच्या उत्क्रांती या घटकात गटनिवड आणि बहुस्तरीय निवड नीट शिकवण्याबाबत

महोदय, महोदया,

सस्नेह नमस्कार.

पदवीचे अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुन्हा बांधले जात आहेत. उत्क्रांतीच्या वाट्याला किती तास यावेत यावर बैठकांत ओढाताण होणार, हे उघड आहे. म्हणून आमची मागणी आधीच मांडतो: जे तास मिळतील त्यांतले तीन तास आणि दोन प्रात्यक्षिके ‘निवड कोणत्या पातळीवर होते’ या एका प्रश्नाला द्यावीत: नैसर्गिक निवड फक्त व्यक्तींमध्ये होते, गटांमध्येही होते (गटनिवड), की एकाच वेळी अनेक पातळ्यांवर (बहुस्तरीय निवड)?

मधमाशी डंख मारून स्वतः का मरते, पक्षी ठरावीक संख्येनेच अंडी का घालतात, असे विचारले की उत्तरपत्रिकेत अजूनही ‘प्रजाती टिकावी म्हणून’ असे येते आणि त्याला गुण मिळतात. दुसरीकडे, थोडे बाहेरचे वाचलेला विद्यार्थी ‘गटनिवड १९६६ मध्येच निकालात निघाली’ असे ठामपणे लिहितो. त्यालाही गुण मिळतात. पहिले उत्तर चूक आहे. दुसरे अर्धे आहे, आणि अर्धे उत्तर एकदा पाठ झाले की ते दुरुस्त करणे जास्त जड जाते.

सुरुवात वानरांपासून करावी, कारण हा पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा आणि त्यांचे जपानी सहकारी धारवाडच्या जंगलात वानरांच्या टोळ्या पाहत होते. बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हाकलले, आणि नव्या नराने टोळीतली अंगावर पिणारी पिल्ले चावून मारली. त्यानंतर त्या माद्या लवकरच माजावर आल्या. पुढे सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांवर काम करून याची संगती लावली. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादीचे बीजांडमोचन थांबलेले असते. नराची टोळीवरची सत्ता सरासरी दोन-अडीच वर्षांची. थांबणाऱ्या नराला स्वतःची संतती होण्याआधीच गादी सोडावी लागू शकते. ही गर्दीमुळे आलेली विकृती आहे, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला गेला. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते हे स्पष्ट झाले.

या वर्तनाने टोळीचे नुकसान होते, प्रजातीचेही होते, आणि तरीही ते टिकून आहे. ‘प्रजातीच्या भल्यासाठी’ हे उत्तर इथे कोसळते. शिक्षकाने एवढेच उदाहरण पूर्ण तपशिलाने सांगितले तरी पहिल्या तासाचे काम झाले.

मग मूळ वाद. ॲबरडीनच्या व्ही. सी. विन-एडवर्ड्स यांनी १९६२ मध्ये असे मांडले की प्राणी आपली संख्या स्वतःहून आवरतात. पक्ष्यांचे संध्याकाळचे थवे म्हणजे ‘आपण किती झालो’ याचा अंदाज घेण्याची सोय. संख्या वाढली की ते कमी पिल्ले काढतात, आणि असे न करणारे गट अन्न संपवून नष्ट होतात. डेव्हिड लॅक यांचे पक्ष्यांवरचे काम याच्या थेट विरोधात जात होते: पक्षी तितकीच अंडी घालतात जितक्यांतून सर्वाधिक पिल्ले जगतात. जास्त घातली तर प्रत्येक पिल्लाला चारा कमी मिळतो आणि जगणारी पिल्ले कमी होतात. संयम दिसतो तो आईबापांच्याच हिशेबातून येतो. १९६४ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ यांनी आणि १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी दुखरी जागा दाखवली. संयमी गटात एक बेफिकीर व्यक्ती शिरली की तिची संतती जास्त होते. गट बुडण्याआधीच तो आतून बदलतो. गट मरायला आणि नवे गट बनायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात व्यक्तींच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात.

बहुतेक वर्गांतले शिकवणे इथे थांबते, आणि आमचा आक्षेप नेमका इथे आहे. विल्यम्स यांचा मुद्दा ‘गटांमधली निवड बहुधा दुबळी असते’ असा होता. ती अशक्य आहे असे त्यातून निघत नाही. ती केव्हा दुबळी आणि केव्हा जोरदार, हे आकड्यांनी सांगता येते, आणि त्यासाठी दहावीचे गणित पुरते.

पहिले प्रात्यक्षिक त्याचेच. सामान: दोन डबे, पाऊणशे ते शंभर दाणे राजम्याचे आणि तेवढेच चवळीचे, एक वही. राजमा म्हणजे परार्थी (स्वतः खर्च सोसून गटाला मदत करणारा), चवळी म्हणजे स्वार्थी. पहिल्या डब्यात ८ राजमा, २ चवळी. दुसऱ्यात २ राजमा, ८ चवळी. एकूण २० दाणे, निम्मे परार्थी. नियम असा: प्रत्येकाला मूळची २ पिल्ले, त्यात भर म्हणून गटातल्या परार्थींच्या प्रमाणाची ५ पट, आणि परार्थीला स्वतःच्या खर्चापोटी १ पिल्लू कमी. प्रजनन अलैंगिक, आईबाप मरतात.

पहिल्या डब्यात परार्थींचे प्रमाण ०.८, म्हणून स्वार्थीला २ + ४ = ६ पिल्ले आणि परार्थीला ५. परार्थींची पिल्ले ४०, स्वार्थींची १२, एकूण ५२. परार्थींचे प्रमाण ०.८ वरून ०.७६९ वर घसरले. दुसऱ्या डब्यात स्वार्थीला ३, परार्थीला २. परार्थींची पिल्ले ४, स्वार्थींची २४, एकूण २८. प्रमाण ०.२ वरून ०.१४३. दोन्ही डब्यांत परार्थी हरले. आता सगळे दाणे एका ताटात ओता: ८० पैकी ४४ राजमा, म्हणजे ०.५५. सुरुवातीला ०.५ होते. दोन्ही गटांत घट, एकूणात वाढ. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, आणि दाणे मोजल्याशिवाय तो बहुतेकांना खरा वाटत नाही.

इथे एक चूक हमखास होते. विद्यार्थी ०.७६९ आणि ०.१४३ यांची साधी सरासरी काढतात, उत्तर ०.४५६ येते, आणि ‘परार्थ घटला’ असे लिहितात. गटांचे आकार आता सारखे राहिलेले नाहीत. ५२ आणि २८ हे वजन देऊनच सरासरी काढावी लागते. गटनिवडीचे सारे सामर्थ्य त्या वजनात आहे. ते गाळले की विषयच गळतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी करून घ्यावेत.

यानंतर जॉर्ज प्राइस यांचे समीकरण. त्यांनी ते १९७० मध्ये दिले आणि १९७२ मध्ये पातळ्यांवर विभागून दाखवले. १९७५ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी तेच वापरून परार्थाची पुन्हा मांडणी केली. शब्दांत ते असे: एकूण बदल गुणिले सरासरी फिटनेस (म्हणजे इथे दरडोई पिल्ले), बरोबर गटांमधला (गट विरुद्ध गट) भाग अधिक गटांतला (प्रत्येक गटाच्या आतला) भाग. गटांमधला भाग म्हणजे गटाची सरासरी फिटनेस आणि गटातले परार्थींचे प्रमाण यांचा कोव्हेरिअन्स, म्हणजे दोन्ही एकत्र किती वरखाली होतात याचे माप. आपल्या उदाहरणात गटांची सरासरी फिटनेस ५.२ आणि २.८, एकूण सरासरी ४. विचलने १.२ आणि ०.३, गुणाकार ०.३६. गटांतला भाग: ५.२ गुणिले ०.०३०८ ची घट म्हणजे उणे ०.१६, २.८ गुणिले ०.०५७१ ची घट म्हणजे पुन्हा उणे ०.१६, सरासरी उणे ०.१६. बेरीज ०.२०, भागिले ४, म्हणजे ०.०५. ताटातले दाणे हेच सांगत होते.

आता तेच २० दाणे आप्तनिवडीच्या (नातेवाइकांना मदत करून आपलीच जनुके पुढे जातात, या विचाराच्या) पद्धतीने मोजा. हॅमिल्टन यांच्या १९६४ च्या नियमात नाते गुणिले लाभ हे खर्चापेक्षा जास्त हवे. ‘नाते’ म्हणजे फक्त भाऊबहीण असा अर्थ वर्गात घट्ट बसलेला असतो, तो इथे सैल करावा. नाते म्हणजे संख्याशास्त्रीय साम्य: परार्थीच्या आसपास परार्थी असण्याची शक्यता सरासरीपेक्षा किती जास्त आहे. आपल्या डब्यांत गटांमधला व्हेरिअन्स (सरासरीभोवतीच्या फरकांचे माप) ०.०९ आणि एकूण व्हेरिअन्स ०.२५, म्हणून नाते ०.३६. लाभ ५, खर्च १. ०.३६ गुणिले ५ म्हणजे १.८, ते १ पेक्षा मोठे; परार्थ वाढणार. किती? ५ गुणिले ०.०९ वजा ०.२५, म्हणजे ०.२०, भागिले ४, म्हणजे ०.०५. दशांशापर्यंत तेच उत्तर.

‘गटनिवड की आप्तनिवड’ हा प्रश्न लढाई म्हणून शिकवू नये, असे आम्ही म्हणतो ते या हिशेबामुळे. या दोन मांडण्या एकाच बदलाच्या दोन वह्या आहेत. एका वहीत गटांतले आणि गटांमधले असे दोन रकाने, दुसरीत स्वतःवरचा आणि शेजाऱ्यांवरचा परिणाम असे दोन रकाने. पायाभूत गणितात त्या एक आहेत हे या क्षेत्रातले बहुतेक सिद्धांतकार आज मान्य करतात. वाद उरतो तो कोणती वही कारण नेमके दाखवते यावर, आणि तो खरा वाद आहे.

प्रात्यक्षिक इथे संपवू नका. ताटातले ८० दाणे मिसळा आणि डोळे मिटून दहा-दहाचे आठ गट करा. आता गट नशिबाने बनले. असे खूप गट केले तर नाते सरासरी १/१० येते, म्हणजे ०.१ गुणिले ५ बरोबर ०.५, आणि ते १ पेक्षा कमी. परार्थींचे प्रमाण ०.५५ वरून सुमारे ०.५२ वर उतरायला हवे. एकाच वर्गातल्या आठ गटांवर हा आकडा वरखाली होईल, कधी उलटाही जाईल. म्हणून सगळ्या बॅचचे आकडे एकत्र करा. न मिसळता तेच दोन डबे पिढ्यान्‌पिढ्या वाढवले तर काय, हाही प्रश्न विद्यार्थीच विचारतात. सुरुवातीला एकूण प्रमाण चढते, पण प्रत्येक डब्यात परार्थी घटतच असतात, आणि शेवटी दोन्ही डबे चवळीचे होतात. परार्थ टिकायचा तर गट मोडून पुन्हा बनायला हवेत आणि बनताना सारखे सारख्याला भेटायला हवे. नातेवाईक एकत्र राहणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. मोजक्या संस्थापकांपासून गट सुरू होणे हा दुसरा.

गट चारचा केला तर नशिबाने बनलेल्या गटातही नाते ०.२५ येते आणि परार्थ वाढतो. हुशार विद्यार्थी इथे थांबवेल. चारच्या गटात स्वतःच्या मदतीतला स्वतःचा वाटाच ५/४ असतो, खर्चापेक्षा जास्त. मग हा परार्थ कसला? आक्षेप बरोबर आहे. लाभात स्वतःचा वाटा धरला की नाही, हे प्रत्येक उदाहरणात आधी लिहून घ्यावे. या विषयावरची निम्मी भांडणे तिथे मिटतात.

प्राइस यांच्या वहीतही एक खड्डा आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. विल्यम्स यांनी वेगवान हरणांचा कळप आणि हरणांचा वेगवान कळप यांत फरक करायला सांगितले होते. समजा, कोणी कोणाला मदत करत नाही. वेगवान हरणाला ४ पाडसे, मंद हरणाला २. एका कळपात १० पैकी ८ वेगवान, दुसऱ्यात २. कळपांची सरासरी ३.६ आणि २.४. प्राइस यांच्या पद्धतीने गटांमधला भाग ०.३ गुणिले ०.६, म्हणजे ०.१८ येतो, जरी इथे गटाचा काडीचाही परिणाम नाही. उपाय म्हणजे संदर्भविश्लेषण, जे हाइस्लर आणि डॅम्थ यांनी १९८७ मध्ये उत्क्रांतीत आणले: फिटनेसचे समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे एक आकडा दुसऱ्यावर किती अवलंबून आहे याचा हिशेब) एकाच वेळी स्वतःच्या गुणावर आणि गटाच्या सरासरीवर काढायचे. हरणांत गटाचा गुणक शून्य येतो, स्वतःचा २. आपल्या डब्यांत गटाचा ५ येतो, स्वतःचा उणे १. मात्र प्रत्येक गटातून ठरावीकच संतती बाहेर पडत असेल, तर ही पद्धतही नसलेला गटपरिणाम दाखवते. कोणतीही एक पद्धत सगळीकडे चालत नाही, आणि प्रश्नपत्रिकेत ‘कोणती पद्धत श्रेष्ठ’ असे विचारू नये.

दुसरे प्रात्यक्षिक उंबराचे. कॉलेजच्या आवारात नसले तरी गावाच्या ओढ्याकाठी उंबर असतेच. उंबरातली केंबरी, म्हणजे परागण करणाऱ्या अंजीरमाश्या, हे बहुस्तरीय निवडीचे कदाचित सर्वांत स्वच्छ नैसर्गिक उदाहरण. एक किंवा काही माद्या फळात शिरतात, अंडी घालतात आणि आतच मरतात. त्यांचे बिनपंखी मुलगे फळातच सगळ्या मुलींशी समागम करतात. बाहेर उडतात त्या फक्त गाभण मुली. मग मुलगे किती आणि मुली किती असाव्यात?

दोन माद्या, प्रत्येकी १०० अंडी, असे समजा. पहिली ५० मुलगे आणि ५० मुली काढते. दुसरी १० मुलगे आणि ९० मुली. दोघी एकाच फळात असतील तर १४० मुलींचा समागम ६० मुलग्यांत वाटला जातो. पहिलीची मिळकत: ५० मुली, शिवाय मुलग्यांमार्फत १४० चा ५०/६० वाटा, एकूण १६६.७. दुसरीची ९० अधिक २३.३, एकूण ११३.३. फळाच्या आत मुलगे काढणारी जिंकते. आता फळे तोला. दोन्ही माद्या पहिल्या प्रकारच्या असतील तर फळातून १०० मुली उडतात, दोन्ही दुसऱ्या प्रकारच्या असतील तर १८०. फळांच्या शर्यतीत मुली काढणारी जिंकते. हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये या दोन ओढींचा समतोल सूत्रात दिला: फळात शिरलेल्या संस्थापक माद्यांची संख्या ‘न’ असेल तर मुलग्यांचे प्रमाण (न − १)/२न. दोन माद्यांना १/४, चार माद्यांना ३/८, खूप माद्यांना जवळजवळ निम्मे. एकटीला मुलींना पुरतील तेवढेच मुलगे. या माश्यांत नर एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेले) असतात आणि फळात भाऊबहिणींचा समागम होतो, म्हणून प्रमाण आणखी खाली येते: दोन माद्यांना ०.२१, चारांना ०.३५. विल्यम्स यांनी १९६६ मध्ये गटनिवडीची कसोटी म्हणून लिंगगुणोत्तराकडेच बोट दाखवले होते, आणि १९८१ मध्ये रॉबर्ट कोलवेल यांनी दाखवले की मादीबहुल गुणोत्तर म्हणजे गटांमधल्या निवडीचाच ठसा आहे. आप्तनिवडवाले हेच सूत्र आपल्या वहीत लिहितात, आणि तेही बरोबर आहेत.

करताना काय चुकते ते आधी सांगतो. फळ बरणीत ठेवून उडालेल्या माश्या मोजल्या तर मुलगे जवळजवळ सापडतच नाहीत, कारण बहुतेक आतच मरतात. गुणोत्तर खोटेच मादीबहुल दिसते. म्हणून पिकण्याच्या बेतात असलेली, पण बाहेर पडण्याचे भोक अजून न पडलेली फळे घ्यावीत, प्रत्येक फळ वेगळ्या बरणीत, तोंडाला मलमलचे कापड. माश्या निघाल्या की बरणी फ्रीजरमध्ये ठेवावी आणि मग फळ कापून आतले मुलगे, अडकलेल्या मुली, सगळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे. संस्थापक माद्यांची कलेवरे तोवर मोडलेली असतात. ती संख्या हवी असेल तर त्याच झाडाची, माद्या नुकत्याच शिरलेली कोवळी फळे वेगळी कापावीत. दुसरा घोळ परागण न करणाऱ्या माश्यांचा. त्यांतल्या काहींची अंडनलिका लांब शेपटीसारखी असते, त्या ओळखू येतात. पण त्यांचेही काही नर बिनपंखी असतात आणि ते मोजणीत मिसळले की आकडा वर जातो. शंका येईल तो नर वेगळ्या रकान्यात टाकावा. आणि एकाच फळावर निष्कर्ष काढू नये. एका झाडाची वीसेक फळे तरी हवीत.

प्रयोगशाळेतले पुरावे एका व्याख्यानात बसतात. शिकागोला मायकेल वेड यांनी पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांच्या ४८-४८ बाटल्या मांडल्या, प्रत्येकीत १६ प्रौढ. ३७ दिवसांनी मोजणी, आणि सर्वाधिक भरलेल्या बाटल्यांतून पुढची पिढी. शेजारी सर्वांत कमी भरलेल्यांतून दुसरी मालिका. दोन्ही दिशांना काही पिढ्यांतच फरक पडला. भुंगेरे एकमेकांची अंडी आणि कोष खातात. ती खाण्याची सवय गटागणिक वेगळी पडते आणि निवडीला धरायला काहीतरी मिळते.

कुक्कुटपालन शिकलेल्या विद्यार्थ्याला पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांचा प्रयोग जास्त पटेल. १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या मोठ्या पिंजऱ्यांत गटाने ठेवल्या आणि निवडताना पिंजराच निवडला किंवा नाकारला. दुसऱ्या पिढीत वर्षाची मरतूक ६८ टक्के होती, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. ठेवलेल्या कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ झाली. एकेकटी सर्वाधिक अंडी देणारी कोंबडी निवडली, तर शेजारणीला टोचून चारा मिळवणारीचीच निवड होण्याचा धोका असतो. पण म्यूर यांच्या प्रत्येक पिंजऱ्यात एकाच कोंबड्याच्या लेकी होत्या. म्हणजे गटनिवड म्हणा की आप्तनिवड, प्रयोग एकच. हे वाक्य विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे.

२०१० च्या वादाशिवाय हा घटक अपुरा राहील. मार्टिन नोवाक, कोरिना टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की इन्क्लुझिव्ह फिटनेसची (स्वतःच्या संततीबरोबर नातेवाइकांना केलेली मदतही मोजणारी, आप्तनिवडीमागची) चौकट अनावश्यक आणि फार मर्यादित गृहीतकांवर उभी आहे. मार्च २०११ मध्ये त्याच नियतकालिकात १३७ शास्त्रज्ञांच्या सहीचे उत्तर आले. लिंगगुणोत्तराची भाकिते हा त्यांच्या युक्तिवादाचा एक कणा होता. संख्या किती सह्यांची, हे विद्यार्थ्याला निकाल म्हणून सांगू नये. खरा मुद्दा असा आहे: लाभ आणि खर्च समाश्रयणाने काढले तर हॅमिल्टनचा नियम नेहमीच बरोबर येतो, पण मग तो भाकीत कमी आणि वर्णन जास्त करतो. मदतीचा उपयोग काही संख्या गाठल्यावरच होत असेल, तर लाभाचा आकडा प्रमाणाबरोबर बदलत जातो, आणि आजच्या आकड्यावरून दहा पिढ्यांनंतरचे सांगता येत नाही. टीकाकारांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. नात्यावाचून समाजशीलता समजेल, असा निष्कर्ष मात्र आम्हाला पटत नाही.

याच ठिकाणी आपल्याकडचे संशोधन शिकवावे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या दक्षिण भारतातल्या गांधीलमाशीवर अनेक दशके काम केले आहे. राणी एकाहून जास्त नरांशी समागम करते आणि वसाहतीत राण्या बदलत राहतात, त्यामुळे बहिणींतले नाते पुस्तकातल्या (नर एकगुणित असल्याने सख्ख्या बहिणींत येणाऱ्या) ०.७५ पेक्षा बरेच कमी पडते. तरीही कामकरी माश्या काम करतात. म्हणून ‘नाते ०.७५, म्हणून त्याग’ हे उत्तर पुरेसे मानू नये. बहिणीशी ०.७५ असले तरी भावाशी ०.२५ च असते, आणि वाळवीत तर दोन्ही लिंगे द्विगुणित असूनही कामकरी वर्ग आहे. गडगकरांनी लाभ आणि खर्चाकडे लक्ष वेधले: एकटीने घरटे सुरू करणारी माशी अळ्या मोठ्या होण्याआधी मेली तर सगळे वाया जाते, गटात राहिली तर तिने केलेले काम दुसरी पूर्ण करते. नाते, लाभ, खर्च, तिन्ही मोजल्याशिवाय उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत.

एक शब्द व्याख्येचा. गटाची फिटनेस दोन अर्थांनी वापरली जाते: गटातून किती व्यक्ती निघाल्या, किंवा गटापासून किती नवे गट निघाले. डबे, उंबर आणि पिंजरे पहिल्या अर्थाचे आहेत. एकपेशींपासून बहुपेशी जीव कसे झाले हा प्रश्न दुसऱ्या अर्थाचा आहे. विल रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की तळाशी लवकर बसणारे यीस्ट रोज निवडत गेले तर ६० दिवसांत सगळ्या संचांत पेशींचे गुच्छ वरचढ होतात, आणि ते गुच्छ तुटून नवे गुच्छ जन्माला घालतात. प्रश्नपत्रिकेत ‘गटाची फिटनेस’ असा मोघम शब्द आला की दोन्ही उत्तरे बरोबर ठरू शकतात, आणि तपासणाऱ्याची पंचाईत होते.

तासांची विभागणी आम्ही अशी सुचवतो: पहिला तास वानरे आणि विन-एडवर्ड्स; दुसरा दोन्ही वह्या, फळ्यावर; तिसरा कोंबड्या, भुंगेरे, गांधीलमाश्या आणि २०१० चा वाद. डब्यांचे प्रात्यक्षिक दोन तासांत होते. उंबराला दोन बैठका लागतात, एक गोळा करण्याची आणि एक मोजण्याची. फळे हंगामावर अवलंबून असल्याने वेळापत्रकात ती तारीख मोकळी ठेवावी. सूक्ष्मदर्शकांची संख्या कमी असेल तर चार विद्यार्थ्यांमागे एक फळ पुरते.

प्रश्नसंचात घालण्यासाठी एक प्रश्नही देतो. नियम वरचेच, २ अधिक प्रमाणाची ५ पट, परार्थीला १ कमी. पहिल्या गटात १० पैकी ६ परार्थी, दुसऱ्यात ४. पुढच्या पिढीत एकूण प्रमाण किती, ते दोन्ही पद्धतींनी काढा. मग ७ आणि ३ घेऊन पुन्हा काढा, आणि परार्थ वाढण्यासाठी गटांत किमान किती फरक लागेल ते सांगा. उत्तरे: ०.४५, ०.४८७५, आणि नाते ०.२ च्या वर जायला हवे, म्हणजे दहाच्या दोन गटांत किमान ८ आणि २. या प्रश्नाला दहा गुण ठेवावेत. आकडे बरोबर असूनही कारण ‘प्रजाती टिकावी म्हणून’ असे लिहिले असेल, तर कारणाचे गुण देऊ नयेत, अशी सूचना आदर्श उत्तरपत्रिकेतच छापावी.

आपले विश्वासू,
उत्क्रांतिशास्त्र शिकवणारे व अभ्यासणारे काही जण